निळ्या कापडाची फाईल

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाताना माझ्या पिशवीत दोन फायली असतात. एक माझी. दुसरी निळ्या टेरिकॉटच्या कापडात शिवलेली, कडेला दुहेरी टीप मारलेली आणि मिटायला शर्टाचं पांढरं बटण लावलेली. ही दुसरी फाईल माझी नाही. तिच्यातल्या प्रत्येक कागदावरच्या नावावर मी पांढरी पट्टी चिकटवली आहे. ती कुणाची, ते पुढे येईलच. आधी तिचा उपयोग सांगते.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. ओपीडीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी पंढरपूरकडचं एक जोडपं बसलं होतं. तो अठ्ठावीस-एकोणतीसचा, दुसऱ्याच्या शेतावर ट्रॅक्टर चालवणारा. तिच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. त्याच्या हातात पहिला रिपोर्ट होता, उघडून आणि मिटून घडीवर फाटायला आलेला. जवळ डबा होता, पण तो उघडला नव्हता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ताई, तुमचं कोण हाय आत?"

"कुणी नाही. माझाच नंबर आहे."

तिनं मला नीट निरखलं. डोक्यावर केस, अंगावर इस्त्रीची साडी, हातात वर्तमानपत्र. "तुमाला बी ह्योच?"

"हाच. सीएमएल, ब्लड कॅन्सर."

"किती वर्सं झाली?"

"पंधरा."

ती नवऱ्याकडे वळली आणि एवढंच म्हणाली, "आवो, पंधरा." मग मी निळी फाईल काढली. पहिला कागद २००२ चा, शेवटचा २०२४ चा. तो एकेका कागदावर बोट ठेवून वर्षं मोजत गेला. त्याचं मोजून झालं तेव्हा तिनं डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. सकाळपासूनचं त्यांचं ते पहिलं खाणं. अर्धी भाकरी त्यांनी मलाही दिली.

आजारी माणसाला धीर देणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. 'धीर धरा', 'देवाला काळजी', 'पॉझिटिव्ह राहा' हे शब्द मी पंधरा वर्षं ऐकत आले. बोलणाऱ्यांची माया खरी असते, पण त्या शब्दांना धरून उभं राहता येत नाही. एका रुग्णाकडे दुसऱ्याला देण्यासारखी एक गोष्ट मात्र अशी असते, जी डॉक्टरांकडेही नसते. आपण स्वतः जगलेल्या वर्षांचा आकडा. त्या आकड्याबद्दल आणि तो टिकवण्यासाठी रोज जे करावं लागतं त्याबद्दल मला लिहायचं आहे.

*

२०१० साली मी चौतीस वर्षांची होते. कराडजवळच्या एका शाळेत शिकवत होते. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, चार घास खाल्ले की पोट भरायचं, रात्री घामानं उशी ओली व्हायची. शाळेची दगदग म्हणून मी सोडून दिलं. शेवटी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी साधारणपणे चार ते अकरा हजार असतात. माझ्या दोन लाखांवर गेल्या होत्या. लॅबवाल्यानं चूक झाली असेल म्हणून पुन्हा रक्त घेतलं. चूक नव्हती. पोटातलं ते ओझं सुजलेल्या पाणथरीचं होतं.

ओळखीतल्या एका डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन-तीन वर्षं धरून चाला." मला काहीच सांगितलं नाही. नवऱ्यानं ते वाक्य अकरा दिवस एकट्यानं पोटात ठेवलं. बाराव्या दिवशी, मुलीला शाळेत सोडून आल्यावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं. मुलगी तेव्हा पहिलीत होती. मी मनात इयत्ता मोजायला लागले. तिसरी, फार तर चौथी. पुढची वह्या-पुस्तकं कोण आणणार, वेणी कोण घालणार, इथंच माझा हिशेब थांबायचा.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं आम्ही मुंबईला गेलो. परळच्या त्या बाकावर, आज मी बसते तशीच, एक काका बसले होते. इचलकरंजीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. गळ्यात टेप नव्हता इतकंच, पण समोरच्या प्रत्येकाचं माप घेतल्यासारखं ते पाहायचे. मी रडत होते. ते मला गप्प करायला आले नाहीत. माझं रडणं संपू दिलं आणि मग म्हणाले, "पोरी, मला आठ वर्षं झाली. रोज रात्री जेवल्यावर गोळी घेतो. सकाळी दुकान उघडतो."

दोन-तीन वर्षांचं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा हललं. पुस्तकात तर आधीच सगळं छापलेलं होतं. पण आठ वर्षं जगलेला माणूस समोर बसून चहा फुंकून पीत होता, ते मला जास्त पटलं.

*

बर्लिनच्या रूडॉल्फ फिर्खो यांनी १८४५ मध्ये एका मृत रुग्णाच्या रक्ताचं वर्णन केलं. लाल पेशींपेक्षा पांढऱ्या पेशींचाच भरणा. दोन वर्षांनी त्यांनी ग्रीक शब्दांवरून नाव दिलं ल्युकेमिया, म्हणजे पांढरं रक्त. आपण सरसकट ब्लड कॅन्सर म्हणतो, पण तो एक आजार नाही. काही दिवसांत जीवावर उठणारे अक्यूट ल्युकेमिया आहेत, वर्षानुवर्षं हळू चालणारे क्रॉनिक आहेत, लसिकाग्रंथींचे लिम्फोमा आहेत, हाडं पोखरणारा मायलोमा आहे. नव्या रुग्णाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, "कागदावर पूर्ण नाव काय लिहिलंय?" अर्धी भीती अर्धवट नावाची असते.

सीएमएलचं, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं, मूळ काकांनी मला त्यांच्या भाषेत समजावलं होतं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. त्यातल्या नवव्या कापडाचा एक तुकडा फाटतो आणि बाविसाव्याला शिवला जातो, बाविसाव्याचा नवव्याला. कापड तेच, पण जिथं चुकीची शिवण पडते तिथं एक नवाच जीन तयार होतो, बीसीआर-एबीएल. तो अस्थिमज्जेतल्या पेशीला सतत एकच हुकूम देतो, वाढ, आणखी वाढ. हा दोष आईवडिलांकडून येत नाही, लेकरांना जात नाही, ताटातून किंवा पाण्याच्या तांब्यातून कुणाला लागत नाही. शेवटचं वाक्य मी आजही मोठ्यानं सांगते, कारण शाळेत काही महिने माझा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला गेला होता.

पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना हे आखूड झालेलं गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसलं, म्हणून त्याला त्या शहराचं नाव पडलं. त्याचा तुकडा नुसता गळून जात नाही, तर तुकड्यांची अदलाबदल होते, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. मग ती बिघडलेली कळच बंद करणारं औषध शोधणं सुरू झालं. ब्रायन ड्रकर या डॉक्टरनं १९९८ मध्ये इमॅटिनिब रुग्णांना द्यायला सुरुवात केली. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. काकांची पहिली गोळी २००२ ची. शास्त्राच्या हिशेबानं ते अगदी पुढच्या रांगेतले होते.

पण औषध निघालं म्हणजे ते इचलकरंजीत पोचलं असं होत नाही. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकची, म्हणजे याच इमॅटिनिबची, किंमत महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होती. कंपनी आणि मॅक्स फाउंडेशन यांच्या मदत कार्यक्रमातून ते अनेक भारतीय रुग्णांना मोफत मिळालं, काकांनाही. त्याच कामातून 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' हा रुग्णांचा गट उभा राहिला. मला भारतीय कंपन्यांचं जेनेरिक मिळालं, महिन्याला आठ-दहा हजारांत. शिक्षिकेच्या पगारातून तेही सोपं नव्हतं, पण होणारं होतं. या जेनेरिकवर पेटंटच्या वादाची टांगती तलवार होती. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठानं नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. जुन्या पदार्थाचं नवं रूप केवळ नवं म्हणून पेटंटला पात्र ठरत नाही, हा पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा अर्थ त्या निकालानं पक्का केला. त्या संध्याकाळी काकांचा फोन आला, "तुझी गोळी आता कोण काढून घेत नाही." इतक्या मोठ्या निकालाचा मला कळलेला अर्थ एवढाच, आणि तो पुरेसा होता.

*

आशा ठेवायची म्हणजे काय करायचं? माझं उत्तर असं की रात्री जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर, गोळी घ्यायची. रोज. मन उभारीत असो वा नसो.

हे सोपं वाटतं, पण वर्षानुवर्षं करणं अवघड आहे. सुरुवातीला मळमळायचं. झोपेत पोटरीत असा वांब यायचा की ओरडून उठायचे. सकाळी डोळ्यांखाली सूज. आपल्या सावळ्या लोकांत या गोळीनं बऱ्याच जणांचा रंग उजळतो. माझाही उजळला. लग्नाकार्यात बायका म्हणायच्या, "काय लावतेस गं?" मी हसून वेळ मारून न्यायचे, आणि घरी येऊन पट्टीतली पुढची गोळी घ्यायचे. खरी कसोटी मात्र तब्येत सुधारल्यावर लागते. पेशी जागेवर आल्या, पाणथरी उतरली, कामाला लागलो, की मन म्हणतं, आज राहू दे.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांच्या औषधांच्या बाटल्यांना झाकण उघडल्याची नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक टोपणं बसवली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत रोग अपेक्षित पातळीखाली जाण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के आली, त्याहून कमी घेणाऱ्यांत २८. नव्वद टक्के म्हणजे तीस दिवसांत तीन गोळ्या चुकणं. मी शिक्षिका, आकडे फळ्यावर लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाकावर मी केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहून देते: महिन्याला तीन चुकल्या तर इतका फरक. मग त्यांच्या पट्टीवर बॉलपेननं तारखा घालून देते, प्रत्येक गोळीच्या खोलगट फुग्यामागे एक तारीख. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सोमवार ते रविवार अशा वेगवेगळ्या खुणा. पंढरपूरच्या त्या तरुणानं स्वतःच सुचवलं, "ट्रॅक्टरच्या चावीला बांधू का?" मी म्हटलं, "चावी उन्हात राहते. जेवणाच्या ताटाशेजारी ठेव."

पुढचे टप्पेही सांगते. तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलचा आकडा १० टक्क्यांवर नसावा, सहा महिन्यांनी १ च्या खाली, वर्षानं ०.१ पर्यंत. आकडा हटला नाही तर औषध बदलतं. डॅसॅटिनिब, निलोटिनिब आहेत, पुढचीही आहेत. वाट बंद होत नाही, वळते. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या आसपास होतो. आपल्याकडे तिशी-चाळिशीत, म्हणजे ऐन संसारात गाठतो. म्हणून आपल्या बाकावरचे प्रश्नही संसाराचे असतात: लग्न ठरलंय, सांगू का? नोकरीत कळलं तर? अनेक वर्षं आकडा अगदी तळाला राहिला तर काही जणांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवता येते. फ्रान्समधल्या पहिल्या मोठ्या अभ्यासात अशा १०० पैकी सुमारे ४० जणांत रोग परतला नाही. पण स्वतःच्या मनानं थांबवणारे मी पाहिले आहेत. त्यातल्या दोघांना आता फोन लावता येत नाही.

*

हा लेख इथंच संपवला तर मी अर्धं खरं सांगितलं असं होईल. माझा आजार ब्लड कॅन्सरमधला नशीबवान आजार आहे. त्याच मजल्यावर असे लोक बसतात ज्यांना माझा आकडा देणं म्हणजे खोटा दिलासा देणं.

२०१६ मध्ये माझी एक मैत्रीण झाली होती, साताऱ्याची. वय एकेचाळीस, अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. पहिल्या केमोनंतर तिचे केस गेले, तेव्हा मी तिला माझ्या वर्षांबद्दल काहीतरी बोलले. ती शांतपणे म्हणाली, "तुझं वेगळं आहे गं. माझ्याशी माझ्याबद्दल बोल." तेव्हापासून मी आधी ऐकते. तिला आकडा नको होता, प्लेटलेट हव्या होत्या. प्लेटलेट फार तर पाच दिवस टिकतात, म्हणून दाता ताजाच लागतो. साताऱ्यातल्या तरुण मंडळाची मुलं दोन-दोन करून मुंबईला येत राहिली. ती सात महिने जगली. शेवटच्या आठवड्यात तिनं मला मुलाच्या दहावीच्या वह्यांना कव्हरं घालायला लावली. मी घातली, तिनं पलंगावर पडून लेबलं लिहिली. तिलाही आशा होती. तिच्या आशेचा पल्ला वर्षांचा नव्हता, त्या वह्यांपुरता होता, आणि तो पूर्ण झाला.

अक्यूट आजारातही दारं उघडत आली आहेत. १९४७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली, थोड्या काळापुरती, पण त्याआधी तेवढीही दिसत नव्हती. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात २० मार्च १९८३ ला डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली, देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट. लहानपणी पोलिओ झालेले डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीतून काम करत आले. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, रोग ओळखायला शिकवून परत त्याच्या अंगात सोडायच्या. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात आला. तोही सामान्य घराला जड आहे, पण निदान तो आता आपल्याच देशात होतो.

टाटा स्मारकाच्या मुळाशीही ल्युकेमियाच आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानं गेल्या. दुसऱ्या वर्षी दोराबजींनी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावानं न्यास स्थापला आणि पुढे टाटांच्या न्यासातून २८ फेब्रुवारी १९४१ ला रुग्णालय सुरू झालं. ज्या आजारापुढं तेव्हाचा सगळा पैसा हात टेकून उभा राहिला, त्या आजाराच्या एका प्रकाराची गोळी आज ट्रॅक्टर चालवणारा माणूस ताटाशेजारी ठेवतो.

त्या गोळीपर्यंत पोचण्याआधी रात्री कुठंतरी पाठ टेकावी लागते. बाहेरगावच्या माणसाला आजारापेक्षा आधी मुंबईची भीती वाटते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन अशा जागांनी किती घरांना उपचार अर्धवट सोडण्यापासून वाचवलं, हे मी पाहिलं आहे. मी नव्या माणसाला पहिल्या तासात सांगते ते असं: कागदांच्या झेरॉक्सचे दोन संच करा. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा, महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर विचारा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीनं भरून घ्या, स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडं माफ आहे. डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न आत्ताच लिहून ठेवा, आत गेल्यावर आठवत नाहीत. आणि सोबत आलेल्या माणसाला जेवायला लावा. रुग्णाला सगळे विचारतात, बाकाच्या टोकाला बसलेल्या नवऱ्याला, बायकोला, म्हाताऱ्या बापाला कुणी विचारत नाही. माझ्या नवऱ्याचे ते अकरा दिवस मी विसरू शकत नाही.

*

आता फाईल.

काका गेल्या डिसेंबरात गेले. एकाहत्तर वर्षांचे होते. सकाळी दुकानात जायला निघाले, चपला घातल्या आणि दारातच बसले. हृदयाचा झटका. नोव्हेंबरमधला त्यांचा शेवटचा रिपोर्ट चोख होता. मी इचलकरंजीला पोचले तेव्हा ओसरीवर कुणीतरी म्हणत होतं, "शेवटी कॅन्सरनं नेलंच." काकी आत बसल्या होत्या. त्या उठून ओसरीवर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कॅन्सरनं न्हाई. म्हातारपणानं गेले ते. तेवढं त्यांनी कमावलं हुतं."

तेराव्याला त्यांनी ही फाईल माझ्या हातात दिली. कापड काकांनीच निवडलेलं, शिवण त्यांचीच. बावीस वर्षांत कागद वाढत गेले तशी दोनदा उसवून मोठी केलेली. आतल्या घडीवर जुन्या टिपेच्या खुणा अजून दिसतात. काकी म्हणाल्या, "बाकावर दाखवायला लागंल तुला, असं म्हनायचे." उरलेल्या गोळ्या त्यांनी वेगळ्या पिशवीत बांधल्या होत्या. त्या मी डॉक्टरांकडे नेऊन दिल्या.

ऑगस्टमध्ये पंढरपूरच्या त्या तरुणाचा फोन आला. त्याचा तीन महिन्यांचा रिपोर्ट आला होता. "ताई, चार पॉइंट दोन. बरं हाय का?" मी म्हटलं, दहाच्या आत हवा होता, उत्तम आहे. मागून बाळाच्या ओरडण्याचा आवाज येत होता, आता ते धरून उभं राहतं म्हणे. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाकावर आज एक पोरगं हुतं, कॉलेजातलं. लई घाबरलेलं. मला म्हनलं, किती दिस झालं?"

"मग?"

"मी म्हनलो, माझं तीनच म्हयनं. पर एक ताई हायती पंधरा वर्सांच्या. आन त्यांच्याकडं एक निळी फाईल हाय, बावीस वर्सांची. ती मी माझ्या बोटानं मोजलीया."